मोबाइल कंपन्यांच्या रांगेत चिप फाउंड्री कोणाला पुढे ठेवते, हे कसे ओळखावे

चिपचा तुटवडा पडला, की ‘अमुक कंपनीने सगळी क्षमता आधीच अडवून ठेवली’ किंवा ‘तमुक कंपनीला फाउंड्रीने मागे ढकलले’ अशा बातम्या येऊ लागतात. त्या वाचून असा समज होतो, की फाउंड्रीत, म्हणजे इतरांच्या आराखड्यानुसार चिप बनवून देणाऱ्या कंपनीत, कोणीतरी रोज सकाळी बसून आज कोणाला माल द्यायचा आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवत असते. ही रांग मात्र तुटवडा पडतो तेव्हा लागत नाही, ती दोन-तीन वर्षे आधीच लागलेली असते. नवी प्रक्रिया, म्हणजे चिप बनवण्याची नवी पद्धत, विकसित होत असताना कोणी आपले अभियंते तिच्यात गुंतवले, कारखाना उभा राहण्याआधी कोणी मागणीची हमी दिली आणि कोणाची चिप त्या प्रक्रियेच्या सुरुवातीच्या कच्चेपणात तग धरू शकणारी होती, यांवर ती ठरते. म्हणून हा प्राधान्यक्रम समजून घ्यायचा असेल, तर कोणती कंपनी मोठी आणि कोण जास्त दर मोजते या प्रश्नांच्या आधी तारखा आणि वचने तपासावीत. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती उघड उपलब्ध असते. ती कोणत्या क्रमाने पाहावी आणि तिच्यातून काय निष्कर्ष काढावा, हे पुढे मांडले आहे.

खरा ग्राहक कोण, ते आधी निश्चित करावे

मोबाइल विकणारी प्रत्येक कंपनी फाउंड्रीची ग्राहक नसते. ॲपल आपल्या चिपचा आराखडा स्वतः करते आणि वेफरची (ज्या गोल चकतीवर एकदम शेकडो चिप बनतात तिची) मागणी थेट टीएसएमसी या तैवानी फाउंड्रीकडे नोंदवते. हुआवे हेच काम हायसिलिकॉन या आपल्या उपकंपनीमार्फत करत आली आहे. गूगलची टेन्सर ही स्वतःच्या चिपची मालिका आहे, आणि शाओमीने मे २०२५ मध्ये टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेवर (हा आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया नवी) बनलेली एक्सरिंग ओ१ ही चिप आणली. ओप्पो आणि विवो यांच्यासारख्या कंपन्या मात्र मुख्य प्रोसेसर क्वालकॉम किंवा मीडियाटेक या चिपचे आराखडे करणाऱ्या कंपन्यांकडून विकत घेतात. ओप्पोने स्वतःच्या चिपसाठी झेकू ही उपकंपनी उभारली होती, पण मे २०२३ मध्ये ती बंद केली. अशा कंपन्यांच्या बाबतीत प्राधान्य दोन पायऱ्यांनी ठरते. फाउंड्री क्वालकॉमला किती वेफर देते, ही पहिली पायरी, आणि आलेला माल क्वालकॉम कोणत्या मोबाइल कंपनीला आधी देते, ही दुसरी. ‘फाउंड्रीने ओप्पोला डावलले’ असे वाक्य वाचनात आले, तर ते लिहिणाऱ्याने पहिली पायरी पाहिलेलीच नाही, असे समजण्यास हरकत नाही.

त्यानंतर तुटवडा नेमका कोणत्या चिपचा आहे, हे पाहावे. मोबाइलमध्ये एक मुख्य प्रोसेसर असतो, आणि त्याच्याबरोबर वीजपुरवठा सांभाळणाऱ्या, पडदा चालवणाऱ्या आणि रेडिओ संदेश हाताळणाऱ्या कितीतरी लहान चिप असतात. या लहान चिप जुन्या, स्वस्त प्रक्रियांवर बनतात. त्या प्रक्रियांची रांग वेगळी असते आणि तिथे मोबाइल कंपन्यांबरोबर मोटारी, दूरचित्रवाणी संच, राउटर आणि यंत्रसामग्री बनवणारे सगळेच उभे असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलने तिमाही निकाल जाहीर करताना सांगितले, की पुरवठ्याच्या अडचणींमुळे सुमारे ६ अब्ज डॉलरची विक्री हुकली. चिपचा तुटवडा आणि आग्नेय आशियातील कारखान्यांवर कोविडचा झालेला परिणाम ही त्याची कारणे होती, आणि चिपची टंचाई मुख्यतः जुन्या प्रक्रियांवरच्या मालाची होती. अत्याधुनिक प्रक्रियेच्या रांगेत सर्वांच्या पुढे असलेला ग्राहक जुन्या प्रक्रियेच्या रांगेत इतरांसारखाच अडकला, याचा अर्थ प्राधान्य हे ग्राहकाला चिकटलेले नसून ग्राहक आणि प्रक्रिया या जोडीला चिकटलेले असते. तेव्हा कोणताही निष्कर्ष काढण्याआधी चिप, तिची प्रक्रिया आणि ती बनवणारी फाउंड्री या तीन गोष्टी एका ओळीत लिहून काढाव्यात. ती ओळ पूर्ण होत नसेल, तर बातमीत अजून पुरेशी माहिती नाही.

वचन कोणी, केव्हा आणि कशाच्या रूपात दिले

अत्याधुनिक फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभारण्यास अब्जावधी डॉलर लागतात आणि तिच्यातील यंत्रांची किंमत काही वर्षांतच घसाऱ्यापोटी हिशेबातून वजा होते. टीएसएमसीचा भांडवली खर्च २०२० मध्ये सुमारे १७ अब्ज डॉलर होता, तो २०२१ मध्ये ३० अब्ज आणि २०२२ मध्ये ३६ अब्ज डॉलरवर गेला. एवढा पैसा घालणाऱ्या कंपनीला एखाद्या तिमाहीत चढा दर देणाऱ्या ग्राहकापेक्षा, पहिल्या दिवसापासून फॅब भरून ठेवणारा आणि पुढील वर्षी पुन्हा येणारा ग्राहक जास्त मोलाचा वाटतो. फाउंड्रीचे प्राधान्य समजून घेण्याची किल्ली माझ्या मते इथेच आहे. लिलावात चढी बोली लावणारा जिंकतो तसे इथे सहसा होत नाही, कारण रिकाम्या पडलेल्या फॅबचा घसारा कोणत्याही चढ्या बोलीने भरून निघत नाही.

ॲपल आणि टीएसएमसी यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आयफोनच्या ए४ ते ए७ या चिप सॅमसंगने बनवल्या होत्या. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर खटला भरला. आपल्या फोनशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीकडेच आपली सर्वांत महत्त्वाची चिप बनत असण्यातला धोका तेव्हा उघड झाला होता. ॲपलचे तत्कालीन अधिकारी जेफ विल्यम्स यांनी टीएसएमसीच्या ३०व्या वर्धापनदिनी, म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये, जाहीरपणे सांगितले, की या सहकार्याची बोलणी २०१० मध्ये सुरू झाली, टीएसएमसीने त्यासाठी ९ अब्ज डॉलर गुंतवले आणि ६,००० माणसे रात्रंदिवस कामाला लावून तैवानमधील तैनान येथील फॅब ११ महिन्यांत उभी केली. त्या फॅबमधून निघालेली ए८ ही चिप सप्टेंबर २०१४ च्या आयफोन ६ मध्ये आली. बोलणी ते विक्री हे अंतर चार वर्षांचे आहे. पुढे २०१५ ची ए९ दोन्ही फाउंड्रींकडे वाटली गेली, आणि २०१६ च्या ए१० पासून हे काम पूर्णपणे टीएसएमसीकडे गेले. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक नव्या प्रक्रियेवर पहिली मोठी मोबाइल चिप ॲपलची निघाली, यात नवल नाही. ज्याच्या मागणीच्या भरवशावर कारखाना बांधला, त्याच्यासाठी तो कारखाना आधी चालतो.

वचन केवळ शब्दांत नसते, त्याची कागदोपत्री खूण शोधावी. टीएसएमसीच्या आर्थिक पत्रकांत ग्राहकांनी क्षमता राखून ठेवण्यासाठी आगाऊ भरलेल्या रकमांची वेगळी नोंद असते. ती वाढत असेल, तर पुढील वर्षांची क्षमता आधीच बांधली जात आहे, हे कळते. एप्रिल २०२१ मध्ये यूएमसी या तैवानी फाउंड्रीने तैनान येथे २८ नॅनोमीटरची क्षमता वाढवण्याची योजना जाहीर केली, तेव्हा ग्राहक ठेव भरतील आणि त्या बदल्यात ठरलेल्या दराने ठरलेली क्षमता त्यांना मिळेल, असे स्पष्ट केले होते. २०२३ मध्ये सुरू होणाऱ्या क्षमतेसाठी २०२१ मध्ये पैसे भरले गेले. ज्यांनी ते भरले नाहीत, त्यांचे रांगेतले स्थान त्याच दिवशी मागे गेले, आणि त्याची जाणीव त्यांना दोन वर्षांनी झाली असेल.

नव्या प्रक्रियेवर मोबाइल चिपच आधी का येते

या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीतून मिळते, आणि ती प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावी, असे मला मनापासून वाटते. वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०,७०० चौरस मिलिमीटर. मोबाइलचा मुख्य प्रोसेसर साधारण १०० चौरस मिलिमीटरचा धरला, तर कडेला वाया जाणारे तुकडे वजा जाता एका वेफरवर सुमारे ६४० चिप बसतात. त्यातल्या सगळ्या चालत नाहीत. प्रक्रियेत एका चौरस सेंटिमीटरमागे सरासरी ०.१ दोष असेल, तर साध्या सूत्रानुसार (e चा घात: उणे दोषांचे प्रमाण गुणिले चिपचे चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळ) सुमारे ९० टक्के चिप चांगल्या निघतात, म्हणजे जवळपास ५८०. प्रक्रिया नवी आणि कच्ची असून दोषांचे प्रमाण ०.३ असेल, तर यील्ड, म्हणजे चांगल्या निघालेल्या चिपचे प्रमाण, ७४ टक्क्यांवर येते आणि चांगल्या चिप सुमारे ४७४ उरतात.

आता समजा, एका मोबाइल कंपनीला सहा महिन्यांत ८ कोटी चिप हव्या आहेत. पहिल्या स्थितीत तिला सुमारे १ लाख ३८ हजार वेफर लागतील, म्हणजे महिन्याला २३ हजार. दुसऱ्या स्थितीत सुमारे १ लाख ६९ हजार, म्हणजे महिन्याला २८ हजार. मधला फरक महिन्याला ५ हजार वेफरचा आहे, आणि तेवढ्यात एखाद्या मध्यम आकाराच्या ग्राहकाची पूर्ण गरज भागू शकते. यील्ड सुधारले, की रांगेत मागे उभ्या असलेल्याला माल मिळतो, आणि त्यासाठी कोणाचे प्राधान्य बदलावे लागत नाही. ‘फाउंड्रीने दुसऱ्या ग्राहकाला संधी दिली’ अशा मथळ्याखालची घटना कित्येकदा एवढीच असते.

हेच सूत्र ८०० चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चिपला लावावे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या प्रोसेसरांचा आकार याच्या आसपास असतो. दोषांचे प्रमाण ०.३ असताना तिचे यील्ड ९ टक्क्यांच्या आसपास येते, आणि ०.१ असतानाही ४५ टक्केच. खऱ्या आराखड्यांत सदोष भाग बंद ठेवून चिप वाचवण्याची सोय केलेली असते, त्यामुळे परिस्थिती इतकी वाईट नसते, पण दिशा हीच राहते. कच्च्या प्रक्रियेवर लहान चिप तग धरते, मोठी चिप धरत नाही. शिवाय मोबाइल चिपची मागणी कोट्यवधींची असते, तिचे वेळापत्रक वर्षाला एकदा येणारे आणि जवळपास ठरलेले असते, आणि एकाच आराखड्याचे हजारो वेफर सलग चालवल्यामुळे दोष कुठे निर्माण होतात, हे फाउंड्रीला लवकर कळते. पहिल्या वर्षी मोबाइल कंपनी प्रक्रिया पक्की करून देते, आणि त्या पक्क्या झालेल्या प्रक्रियेवर पुढील वर्षी मोठ्या चिपचे ग्राहक येतात. मोबाइल ग्राहकाला मिळणारे प्राधान्य ही मेहेरबानी नाही. फाउंड्रीला स्वतःची प्रक्रिया शिकण्यासाठी त्याची गरज असते, आणि त्या गरजेची किंमत रांगेतल्या पहिल्या जागेच्या रूपाने चुकती होते.

तिमाही तक्त्यांतून पहिला ग्राहक ओळखणे

टीएसएमसी दर तिमाहीला वेफरच्या महसुलात प्रत्येक प्रक्रियेचा वाटा किती, हे प्रसिद्ध करते. हा छोटा तक्ता फार बोलका आहे. ५ नॅनोमीटर प्रक्रियेचा वाटा २०२० च्या तिसऱ्या तिमाहीत ८ टक्के होता, चौथ्या तिमाहीत तो २० टक्के झाला आणि २०२१ च्या पहिल्या तिमाहीत १४ टक्क्यांवर उतरला. तीन वर्षांनी ३ नॅनोमीटरचे आकडे पाहावेत: २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत ६ टक्के, चौथ्या तिमाहीत १५ टक्के आणि २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ९ टक्के. दोन्ही वेळा चढ-उताराचा आकार सारखाच आहे. शरद ऋतूत नवा फोन बाजारात येतो, त्याच्यासाठी माल वर्षाच्या उत्तरार्धात जोरात जातो आणि सणासुदीची विक्री आटोपली, की मागणी ओसरते. एखाद्या नव्या प्रक्रियेचा वाटा अशा रीतीने वर चढून लगेच खाली आला, तर तिच्यावर अजून प्रामुख्याने एकच मोबाइल ग्राहक आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अनेक ग्राहक आले, की हा उतार भरून निघतो. ३ नॅनोमीटरचा वाटा २०२४ च्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत अनुक्रमे १५, २० आणि २६ टक्के असा चढतच गेला.

हे वाचताना काळाचे भान ठेवावे लागते. अत्याधुनिक प्रक्रियेत एका वेफरला हजाराहून अधिक टप्पे पार करावे लागतात आणि त्याला तीन ते चार महिने लागतात. त्यानंतर चाचणी, पॅकेजिंग आणि फोनची जुळणी येते. सप्टेंबरमध्ये विक्रीला येणाऱ्या फोनचे वेफर वसंत ऋतूतच सुरू झालेले असतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये एखाद्या कंपनीने ‘मागणी दुप्पट केली’ अशी बातमी आली, तरी तिचा त्या सप्टेंबरच्या मालाशी संबंध असू शकत नाही. वर्षाच्या सुरुवातीला फोनचे आकडे मंदावतात, हाही ऋतूचा परिणाम असतो, ग्राहक नाराज झाल्याचा नव्हे.

वार्षिक अहवालात आणखी एक उपयोगी नोंद असते. महसुलात १० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ग्राहकांचे आकडे द्यावे लागतात, पण नावे दिलेली नसतात, केवळ ‘ग्राहक अ’, ‘ग्राहक ब’ असा उल्लेख असतो. २०१९ मध्ये पहिल्याचा वाटा २३ टक्के आणि दुसऱ्याचा १४ टक्के होता, तर २०२३ मध्ये २५ आणि ११ टक्के. पहिला ग्राहक ॲपल आहे, हे सर्वमान्य अनुमान आहे. मात्र दुसऱ्या क्रमांकावरची कंपनी वर्षागणिक बदलत आली असू शकते, म्हणून दोन वर्षांचे ‘ब’ एकच धरून चालू नये.

फॅबच्या आत होणारी उलथापालथ

आतापर्यंत जे सांगितले, ते वर्षांच्या मोजमापात चालते. फॅबच्या आत दिवसांच्या मोजमापातही एक प्राधान्यक्रम असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. वेफर २५-२५ च्या गटाने बंद पेटीत ठेवलेले असतात, छतालगतच्या रुळांवरून धावणारी वाहने त्या पेट्या एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेतात, आणि कोणती पेटी आधी उतरवायची, हे नियोजनाची संगणक प्रणाली ठरवते. प्रत्येक गटाला एक प्राधान्य-श्रेणी दिलेली असते. नेहमीच्या गटाचा बराचसा वेळ यंत्रासमोर वाट पाहण्यात जातो. ज्याला ‘हॉट लॉट’ म्हणतात तो गट येणार असला, की यंत्र त्याच्यासाठी मोकळे ठेवले जाते. ग्राहक यासाठी जादा पैसे मोजतात, आणि बहुतेक वेळा ते नव्या आराखड्याचे पहिले नमुने लवकर हाती पडावेत, म्हणून मोजतात.

हॉट लॉटने संपूर्ण फोनचा पुरवठा वाढवता येत नाही, हे लक्षात ठेवावे. यंत्र त्याच्यासाठी थांबते, तेव्हा मागचे सगळे गट खोळंबतात, म्हणून फाउंड्री अशा गटांची संख्या मर्यादितच ठेवते. एखाद्या कंपनीने ‘तातडीची मागणी’ नोंदवली असे वाचले, तर ती नमुन्यांसाठी आहे की उत्पादनासाठी, हा प्रश्न विचारावा. नमुन्यांसाठी असेल, तर मुख्य रांगेत फरक पडत नाही.

दुसरी फाउंड्री हाताशी असणे

ग्राहकाकडे दुसरा पर्याय असेल, तर त्याचे वजन वाढते, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. क्वालकॉमचा प्रवास पाहावा. डिसेंबर २०१८ ची स्नॅपड्रॅगन ८५५ टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर होती. डिसेंबर २०२० ची ८८८ सॅमसंगच्या ५ नॅनोमीटरवर गेली, आणि २०२१ च्या अखेरीस आलेली ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर. मे २०२२ मध्ये ८ प्लस जेन १ जाहीर झाली, ती टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर होती, आणि त्यानंतरच्या पिढ्याही तिथेच राहिल्या. एका फाउंड्रीसाठी केलेला भौतिक आराखडा दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. त्याची मांडणी, मास्क (छपाईचे साचे) आणि चाचण्या नव्याने कराव्या लागतात. जेन १ नंतर सहा महिन्यांच्या आत दुसरी चिप जाहीर झाली, याचा अर्थ टीएसएमसीवरचे काम जेन १ बाजारात येण्याच्या बरेच आधी सुरू झाले असले पाहिजे. फाउंड्री बदलल्याची बातमी ही नेहमी जुन्या निर्णयाची बातमी असते.

दोन फाउंड्रींमध्ये काम वाटणारा ग्राहक दरासाठी घासाघीस करू शकतो, पण सुरुवातीच्या क्षमतेच्या वाटपात त्याला किंमत मोजावी लागते, कारण त्याची मागणी पुढील वर्षी येईल की नाही, याची फाउंड्रीला खात्री नसते. गूगलने टेन्सरच्या पहिल्या चार पिढ्या सॅमसंगकडे बनवल्या आणि २०२५ मध्ये जी५ टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर आणली. पण तोवर ॲपलचे त्या प्रक्रियेवरचे पहिले वर्ष कधीच उलटून गेले होते.

कायदा, साठेबाजी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सरकारी नियम हा एकच घटक असा आहे, जो ही रांग एका दिवसात मोडू शकतो. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने नियम बदलले, त्यानंतर टीएसएमसीने हुआवेकडून नव्या मागण्या घेणे थांबवले आणि १४ सप्टेंबर २०२० नंतर मालही पाठवला नाही. ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर किरिन ९००० ही आपली चिप घेऊन पहिल्या रांगेत बसलेला ग्राहक असा बाजूला झाला. तरीही टीएसएमसीचा २०२० चा महसूल डॉलरमध्ये ३१ टक्क्यांहून अधिक वाढला, कारण मोकळी झालेली क्षमता घेण्यास इतर ग्राहक तयार होते. हुआवेची पुढची मोठी चिप ऑगस्ट २०२३ मध्ये मेट ६० प्रोमध्ये दिसली, तीही चीनच्या एसएमआयसीकडून, ७ नॅनोमीटरच्या वर्गातील प्रक्रियेवर.

तुटवड्याच्या काळात ग्राहक गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतात, कधी दोन ठिकाणी नोंदवतात. मागणीच्या यादीवरून खरी गरज कळत नाही. टीएसएमसीचे तत्कालीन अध्यक्ष मार्क लिऊ यांनी २०२१ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते, की कोणाला माल खरोखर हवा आहे आणि कोण साठा करत आहे, हे शोधण्यासाठी त्यांनी माहितीची छाननी करून घेतली आणि गरज तितकी तातडीची नसलेल्या ग्राहकांचा पुरवठा पुढे ढकलला. मोठी मागणी नोंदवली म्हणजे रांगेत पुढे जाता येते, असे नाही. वितरकांकडील साठ्याचे दिवस (हाती असलेला साठा किती दिवस पुरेल) वाढत असताना मागणीही वाढत असेल, तर तिच्यातला फुगवटा ओळखावा.

गेल्या काही वर्षांत मात्र रांगेचा पायाच सरकला आहे. टीएसएमसीच्या महसुलात २०२० मध्ये मोबाइलचा वाटा ४८ टक्के आणि उच्च क्षमतेच्या संगणनाचा, ज्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपही येतात, ३३ टक्के होता. २०२४ मध्ये मोबाइल ३५ टक्क्यांवर आला आणि संगणन ५१ टक्क्यांवर गेले. एप्रिल २०२४ मध्ये टीएसएमसीने ए१६ ही प्रक्रिया जाहीर केली (ॲपलच्या २०२२ च्या चिपचे नावही ए१६ आहे, त्या दोहोंची गल्लत करू नये). तिच्यात वीजपुरवठा वेफरच्या मागील बाजूने केला जातो, आणि ती मुख्यतः संगणनाच्या चिपना उपयुक्त असल्याचे कंपनीनेच म्हटले आहे. यापुढे प्रत्येक नव्या प्रक्रियेचा पहिला ग्राहक मोबाइल कंपनीच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. लहान चिपचा यील्डमधला फायदा टिकून आहे, पण जी प्रक्रिया मोबाइलसाठी बनवलेलीच नाही, तिथे तो लागू पडत नाही.

एक दावा तपासून पाहू

२०२३ मध्ये ‘३ नॅनोमीटरची जवळपास सगळी क्षमता ॲपलने अडवली, त्यामुळे इतर मोबाइल कंपन्यांना ४ नॅनोमीटरवर थांबावे लागले’ असे मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले. या दाव्याचा पहिला अर्धा भाग तक्त्यांशी जुळतो. ६, १५ आणि ९ टक्के हा आकार एकाच ग्राहकाचा आहे, आणि त्या काळात या प्रक्रियेवर बाजारात आलेली मोठी उत्पादने म्हणजे ॲपलचीच ए१७ प्रो ही चिप आणि एम३ मालिका. त्या वर्षीच्या क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आणि मीडियाटेकची डायमेन्सिटी ९३०० या चिप ४ नॅनोमीटरवर होत्या, हेही खरे.

‘त्यामुळे’ या शब्दाशी मात्र थांबावे. टीएसएमसीने ३ नॅनोमीटरच्या सुरुवातीला दोन आवृत्त्या काढल्या होत्या. पहिली महाग आणि गुंतागुंतीची होती. एन३ई ही दुसरी आवृत्ती ईयूव्हीने, म्हणजे अतिनील प्रकाशाने, छापायचे थर कमी करून सोपी केली होती आणि तिचे आराखड्याचे नियम पहिलीशी जुळणारे नव्हते. पहिलीसाठी आराखडा करणाऱ्याला दुसरीसाठी तो पुन्हा करावा लागला असता. ७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आयफोन १५ जाहीर होण्याच्या आधी, मीडियाटेक आणि टीएसएमसी यांनी संयुक्तपणे कळवले, की मीडियाटेकच्या ३ नॅनोमीटर चिपचा आराखडा पूर्ण झाला असून मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन २०२४ मध्ये होईल. असा आराखडा पूर्ण होण्यास वर्षाहून जास्त काळ लागतो. कोणत्या आवृत्तीवर यायचे, हा निर्णय त्यामुळे २०२२ मध्ये किंवा त्याआधीच झालेला असणार, म्हणजे २०२३ मधल्या त्या बातम्यांच्या आधी. मीडियाटेकची डायमेन्सिटी ९४०० आणि क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ एलिट या दोन्ही चिप ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या, दोन्ही एन३ईवर, आणि त्याच तिमाहीत ३ नॅनोमीटरचा वाटा २६ टक्क्यांवर पोहोचला.